जात चांगली, पण सांभाळ कसा? उरुळीच्या मणिभाईंनी घालून दिलेली वाट

पनवेल : नवी मुंबईचं गिऱ्हाईक जवळ आहे म्हणून मी घरामागं ससे पाळले. पांढऱ्या न्यूझीलंड जातीच्या जोड्या आणल्या. विकणारा म्हणाला होता, तीन महिन्यांत पिल्लू दोन किलोचं होतं. माझी पिल्लं सव्वा किलोवरच अडली. दोष जातीचा की माझा, हे काही कळेना. अशा वेळी उरुळी कांचनचे मणिभाई देसाई आठवतात. त्यांचं निम्मं आयुष्य याच प्रश्नात गेलं. फक्त त्यांच्यासमोर ससा नव्हता, गाय होती.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी गुजरातमधल्या सुरत जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. शिकून नोकरी धरता आली असती, पण १९४२ च्या चळवळीत ते उतरले आणि तुरुंगात गेले. पुढं गांधीजींकडं आले. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तो सांभाळायला तरुण मणिभाई मागं राहिले, ते कायमचेच. लग्न केलं नाही. उरुळी हेच त्यांचं घर झालं.

तिथं त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला गाय होती, पण दूध घरापुरतंही निघत नव्हतं. मणिभाईंनी आश्रमात गीर गाई पाळल्या आणि गोपालनाचा अभ्यास केला. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था उभी केली. देशी गाईला होल्स्टीन किंवा जर्सी वळूचं रेतन करून संकरित कालवड तयार करायची, हे तिचं मोठं काम. गाय दवाखान्यापर्यंत चालवत न्यायला नको, म्हणून संस्थेचा माणूसच रेतन घेऊन गोठ्यात येऊ लागला. पुढं ही पद्धत अनेक राज्यांत गेली.

यात आनुवंशिकतेचा हिशेब सोपा आहे. वासराला निम्मे गुण आईकडून, निम्मे बापाकडून येतात. देशी कालवड साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास विते. संकरित कालवड लवकर वाढते आणि नीट खाल्लं-प्यायलं तर अडीच-तीन वर्षांत विते. पण विदेशी रक्त फार वाढलं की जनावराला आपलं ऊन सोसत नाही, आजार वाढतात. म्हणून देशी आईचा काटकपणाही लागतोच.

मणिभाई नुसत्या जातीवर थांबले नाहीत. चारा नसेल तर चांगलं रक्तही उपाशीच राहतं. म्हणून त्यांनी लवकर वाढणाऱ्या सुबाभळीचा प्रसार केला. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले.

आता सशाकडं येऊ. सशाच्या वाढीचा थोडाच भाग रक्तातून येतो, बाकीचा सांभाळावर जातो. एका वेताला पिल्लं जास्त झाली की प्रत्येकाच्या वाट्याला आईचं दूध कमी येतं आणि दूध तुटताना वजन कमी भरतं. तो दोष पिल्लाच्या जातीचा नसतो. दूध तुटल्यावर सारख्या खाण्यावर कोण पुढं जातं, त्यात जातीचा गुण जास्त दिसतो. एकाच घरातल्या भावाबहिणींचा जोड पिढ्यान्‌पिढ्या लावला, तर वाढ खुंटते आणि पिल्लं दगावतात.

माझी चूक मला यातच सापडली. विकत आणलेल्या जोड्या एकाच घरातल्या होत्या. नर मी कधी बदलला नाही, वजनंही लिहून ठेवली नाहीत. आता वहीत वेताची तारीख, पिल्लांची संख्या आणि दर आठवड्याचं वजन लिहितो. चांगल्या वाढीचीच पिल्लं पैदाशीला ठेवतो. नर दुसऱ्या गोठ्यातून आणतो. सुबाभूळही देतो, पण थोडी. ती जास्त खाल्ली की केस गळतात.

जोडी घेण्याआधी आईबापाचं वजन आणि नातं विचारा. सांगता येत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा. मणिभाईंनी जनावर आधी समजून घेतलं, मग सुधारलं. आपण खरेदीपासूनच सुरुवात करतो, तिथंच फसतो.