बंधनांचे गणित

इटलीतील ट्यूरिन नगरात २५ जानेवारी १७३६ रोजी झोझेफ ल्वी लाग्रांझ याचा जन्म झाला. त्याचे वडील सरकारी खजिनदार होते. परंतु सट्ट्याच्या व्यवहारात घरची बहुतेक संपत्ती नाहीशी झाली. लाग्रांझला प्रथम लॅटिन वाङ्मयाची गोडी होती. पुढे हॅली या ज्योतिर्विदाचा एक निबंध त्याच्या वाचनात आला आणि त्याचे मन गणिताकडे वळले. एकोणिसाव्या वर्षी तो ट्यूरिनच्या तोफखान्याच्या शाळेत गणित शिकवू लागला.

१७६६ मध्ये थोर गणिती ऑयलर याच्या जागी बर्लिनच्या अकादमीत त्याची नेमणूक झाली. मोकळ्या फेकलेल्या दगडाची गती गणिताने सांगता येते. परंतु दोरीला टांगलेल्या लोलकाला दोरी बांधून ठेवते. ती त्याला किती ओढते, हे आधी ठाऊक नसते. लाग्रांझने त्या ओढीसाठी समीकरणात एक अज्ञात संख्या घातली. दोरीची लांबी बदलत नाही, या अटीवरूनच ती संख्या काढता येते, असे त्याने दाखविले. जे बंधन अडचणीचे वाटे, तेच उत्तराला साहाय्यक झाले. त्या संख्येला लाग्रांझचा गुणक म्हणतात.

१७८३ मध्ये त्याची पत्नी वारली. १७८७ मध्ये तो पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी त्याचा यंत्रशास्त्रावरील महान ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एकही आकृती नव्हती. सर्व विवेचन समीकरणांनी केले होते. तथापि त्याचे मन इतके खिन्न झाले होते की, तो छापील ग्रंथ त्याने दोन वर्षे उघडूनही पाहिला नाही, असे सांगतात.

तशात फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये परकीयांना अटक करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्ये याने रदबदली करून लाग्रांझला वाचविले. पुढील वर्षी लाव्हाझ्येचाच शिरच्छेद झाला. हे दुःख सोसूनही लाग्रांझने विद्यादानाचे आणि मेट्रिक मापे ठरविण्याचे कार्य चालू ठेवले. १० एप्रिल १८१३ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले.

पुढे १९७७ मध्ये रिकार्ट, चिकोट्टी व बेरेंडसेन या तीन शास्त्रज्ञांनी रेणूंच्या हालचाली संगणकावर मांडताना हाच गुणक उपयोगात आणला. संगणक अणूंना क्षणाक्षणाने पुढे सरकवितो. तेव्हा जोडलेल्या अणूंमधील ठरलेली अंतरे किंचित बिघडतात. गुणकांच्या साहाय्याने ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येतात. लोलकाच्या दोरीला लावलेला नियम अशा रीतीने डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंनाही लागू पडला.