चेतन दातार : घराच्या उंबरठ्यावरचे नाटक

नाट्येतिहासात नटाचे नाव राहते, नाटककाराचेही राहते. परंतु लेखन, दिग्दर्शन, अभिनय आणि अनुवाद ही चारही कामे सारख्याच निष्ठेने करणाऱ्या रंगकर्मीची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे आपल्याला अद्याप उमगलेले नाही. चेतन दातार हे असे रंगकर्मी होते.

१९६४ साली जन्मलेल्या दातारांची जडणघडण सत्यदेव दुबे यांच्या तालमीत झाली. दादरच्या छबिलदास शाळेत १९७४ पासून प्रायोगिक रंगभूमीला आसरा देणाऱ्या आणि पुढे माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलविणाऱ्या ‘आविष्कार’शी त्यांचे नाते सुमारे दोन दशकांचे होते. ‘सावल्या’ आणि ‘राधा वजा रानडे’ ही नाटके त्यांनी लिहिली. शेक्सपिअरच्या एका सुखान्तिकेला तमाशाचा बाज देऊन त्यांनी ‘जंगल में मंगल’ उभे केले आणि त्यात स्त्री-पुरुष भूमिकांची अदलाबदल केली. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला स्त्रीवेषातील पुरुष परका नव्हता; परका होता तो त्यामागचा प्रश्न.

परळ-लालबागच्या गिरणगावाची व्यथाही त्यांना परकी वाटली नाही. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या कामगारांवरील रामू रामनाथन यांचे ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ हे इंग्रजी नाटक त्यांनी हिंदीत आणले. सुनील शानबाग यांनी ते रंगमंचावर सादर केले.

तथापि त्यांचे खरे धाडस ‘१, माधवबाग’ या एकपात्री नाटकात दिसते. गिरगावकरांच्या ओळखीचे नाव धारण करणाऱ्या या नाटकात आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेली एक आई बोलते. दातारांनी हा विषय न्यायालयात वा व्यासपीठावर नेला नाही. मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्याआड नेला. कायदा बदलला तरी आईचे मन आपोआप बदलत नाही, हे त्यांनी जाणले होते.

२ ऑगस्ट २००८ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर अकरा महिन्यांनी आला. २०१३ मध्ये तो फिरला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. न्यायालयाचे काम तेथे संपले. घराघरांतील संवादाचे काम मात्र शिल्लक आहे, आणि ते दातारांच्या नाटकासारख्या कृतींनीच पुढे जाणार आहे. अशा संहिता जपणे व त्यांचे प्रयोग चालू ठेवणे, हीच त्यांना योग्य आदरांजली ठरेल.