'मॅनिफेस्टेशन'चा ट्रेंड आज आलाय, पण जिजाऊंनी स्वराज्याचं स्वप्न प्रत्यक्षात कसं आणलं?

डोळे मिटा, हवी ती गोष्ट डोळ्यांसमोर आणा, रोज वहीत लिहा आणि विश्वास ठेवा, ती मिळणारच. इन्स्टाग्रामवर 'मॅनिफेस्टेशन'च्या अशा रील्सचा सध्या पाऊस पडतोय. स्वप्न पाहण्यात चूक काहीच नाही. प्रश्न असतो तो डोळे उघडल्यावर काय करायचं याचा.

याचं उत्तर बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात जन्मलेल्या एका मुलीच्या आयुष्यात सापडतं. तिला आपण राजमाता जिजाऊ म्हणून ओळखतो.

ध्येय आलं कुठून?

१२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो. वडील लखुजी जाधवराव निजामशाहीतले बडे सरदार. लग्न झालं वेरूळच्या भोसले घराण्यातल्या शहाजीराजांशी. माहेर तालेवार, सासर पराक्रमी. वरवर पाहता कमी काहीच नव्हतं.

पण दोन्ही घराणी पराक्रम गाजवत होती ती दुसऱ्यांच्या गादीसाठी. निजामशाही दरबाराबाहेर एकदा खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवरच तलवारी घेऊन धावले. त्यात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी मारले गेले आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजीही. एकाच दिवशी माहेरी सुतक आणि सासरीही.

पुढे जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, निजामशहाने लखुजीराव आणि त्यांच्या मुलांची हत्या करवली. ज्यांची इतकी वर्षं चाकरी केली, त्यांनीच घात केला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला.

आपलं राज्य का हवं, हे जिजाऊंना कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

सुरुवात सिंहासनापासून नाही, नांगरापासून

१६३६ मध्ये निजामशाही संपली. शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि त्यांना कर्नाटकात जावं लागलं. जिजाऊ आणि शिवबांकडे आली पुण्याची जहागीर.

जहागीर म्हणायची, पण अवस्था काय होती? आदिलशाही फौजेने पुणे आधीच बेचिराख केलं होतं. त्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकल्याचं सांगतात. म्हणजे इथे पुन्हा वस्ती करायची नाही, असा दम. त्यात १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ. माणसं गाव सोडून गेलेली, शेतं ओस पडलेली.

अशा जागी स्वराज्याच्या गप्पा मारून कुणी जवळ आलं नसतं. लोकांना आधी हवं होतं धान्य आणि सुरक्षितता. त्यामुळे काम सुरू झालं तिथूनच. त्याच जमिनीवर जिजाऊंनी सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला, ही आठवण महाराष्ट्राने जपली आहे. कसबा गणपतीचं मंदिर उभं राहिलं, राहायला लाल महाल झाला. पडीक जमीन कसणाऱ्यांना सुरुवातीला साऱ्यात सवलत मिळाली आणि उजाड मुलखात पुन्हा चुली पेटल्या.

याच मावळातली मुलं पुढे शिवरायांचे सवंगडी झाली. स्वराज्याला माणसं मिळाली, कारण त्याआधी त्या माणसांना जगण्याचा आधार मिळाला होता.

सगळं मनासारखं घडलं का?

अजिबात नाही. थोरले पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत मारले गेले. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजांचं निधन झालं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, हाती उरले फक्त १२.

आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज आग्ऱ्याला गेले आणि औरंगजेबाच्या नजरकैदेत अडकले. मुलगा परत येईल की नाही, याची खात्री नव्हती. नातू संभाजीराजेही सोबतच. जिजाऊंचं वय तेव्हा ६८. महाराजांनी जाताना राज्याची जबाबदारी त्यांच्याकडेच सोपवली होती. त्यांच्या देखरेखीखाली, मोरोपंत पिंगळ्यांसारख्या अनुभवी माणसांच्या साथीने कारभार सुरू राहिला. महाराज निसटून परतले तेव्हा राज्य जागेवर होतं.

नुसतं चांगलंच होईल असं म्हणत बसणं वेगळं, आणि वाईट घडलं तरी काम थांबणार नाही अशी व्यवस्था उभी करणं वेगळं. जिजाऊंनी दुसरं केलं.

स्वप्न पूर्ण झालं, आणि...

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. पुण्यात नांगर फिरला त्याला तेव्हा तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता. ७६ वर्षांच्या जिजाऊंनी मुलाला छत्रपती झालेलं पाहिलं. त्यानंतर ११ दिवसांनी, १७ जून १६७४ ला, रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडमध्ये त्यांनी डोळे मिटले. त्यांची समाधी तिथेच आहे.

आज समृद्धी महामार्गावरून सिंदखेडराजाला सहज जाता येतं. लखुजीरावांचा राजवाडा आणि जिजाऊंचं जन्मस्थान तिथे पाहायला मिळतं. दर १२ जानेवारीला तिथे महाराष्ट्रभरातून लोक येतात.

तुमचं ध्येय स्पर्धा परीक्षेचं असो, स्वतःच्या धंद्याचं असो की गावात काही उभं करण्याचं, ते वहीत जरूर लिहा. पण त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहा : आपल्या वाट्याला आलेल्या उजाड जमिनीवर उद्या सकाळी पहिला नांगर कुठे लावायचा?