जेम्स स्किनर

जेम्स स्किनर (जन्म : कलकत्ता, इ.स. १७७८, मृत्यू : हांसी, ४ डिसेंबर, इ.स. १८४१) हे शिंद्यांच्या व नंतर ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी आणि स्किनर्स हॉर्स या घोडदळाचे संस्थापक होते.

त्यांचे वडील कंपनीच्या सैन्यातील स्कॉटिश अधिकारी, तर आई राजपूत होती. आई भारतीय असल्याने त्यांना कंपनीत अधिकारपद मिळू शकले नाही. त्यामुळे ते दौलतराव शिंदे यांच्या कवायती फौजेत दाखल झाले. इ.स. १८०० मध्ये उनियाऱ्याच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले.

इ.स. १८०३ मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू होताच शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने ब्रिटिश वंशाच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. त्यांत स्किनरही होते. जन्मामुळे कंपनीने नाकारलेल्या या अधिकाऱ्याला शिंद्यांची चाकरीही जन्मामुळेच सोडावी लागली. शिंद्यांविरुद्ध लढणार नाही, या अटीवर ते जनरल लेककडे गेले. दिल्लीच्या लढाईनंतर पेराँच्या फौजेतून आलेल्या स्वारांनी त्यांनाच आपला नायक निवडले. पिवळ्या गणवेशामुळे हे पथक प्रसिद्ध झाले.

स्किनर यांनी फारसीत ग्रंथ लिहिले. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ त्यांनी बांधलेल्या सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांची कबर आहे. त्यांचे पथक आज भारतीय सैन्यातील रणगाडा रेजिमेंट आहे.