पुण्यश्लोक अहल्याबाई आणि प्रभासपाटणचा सोमनाथ

सौराष्ट्राच्या यात्रेस जाणारी मराठी कुटुंबे वेरावळजवळ प्रभासपाटणास उतरतात, सागरतीरावरील भव्य सोमनाथ मंदिराचे दर्शन घेतात आणि पुष्कळदा तेथूनच परततात. थोड्या अंतरावर दुसरे एक लहानसे देवालय आहे. ते पाहिल्यावाचून परतू नये, कारण ते आपल्या अहल्याबाईंचे आहे.

अहल्याबाईंचा जन्म इ.स. १७२५ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे, पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. आठव्या वर्षी त्या मल्हारराव होळकरांची सून झाल्या. पुढचे आयुष्य म्हणजे एकामागून एक कोसळलेले दुःखाचे डोंगर! इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी परावृत्त केले व कारभारात घातले. १७६६ त सासरे गेले, पुढल्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव गेला. त्यानंतर बाईंनी महेश्वरी राहून अठ्ठावीस वर्षे राज्य केले.

सोमनाथाचे मंदिर इ.स. १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने फोडले. नंतर ते अनेकदा उभे राहिले व अनेकदा पडले. औरंगजेबाच्या कारकिर्दीनंतर मूळ जागी उरले होते ते मशिदीचे रूप दिलेले भग्न अवशेष. सोरठावर अंमल जुनागढच्या नबाबाचा. होळकरांची सत्ता तेथे नव्हती. अशा स्थितीत १७८३ साली बाईंनी मूळ जागेचा वाद न उकरता नजीकच नवे देवालय बांधविले. काशीसही त्यांनी विश्वेश्वराचे मंदिर असेच मूळ जागेच्या शेजारी उभारले होते. कोणी यास माघार म्हणेल. प्रस्तुत लेखकास मात्र तो व्यवहारी शहाणपणा वाटतो, कारण बाईंना देवाची पूजा पुन्हा चालू व्हावयास हवी होती आणि ती चालू झाली.

या देवालयाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. वरच्या गाभाऱ्यात एक शिवलिंग आहे. परंतु सोमनाथाचे लिंग त्याच्या खाली, भुयारात आहे. पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. पुन्हा कोणी चालून आलाच तर देवास धक्का लागू नये, हा त्यातील हेतू. सात-साडेसात शतकांचा अनुभवच त्या दगडांत बांधून काढला आहे म्हणा ना!

असल्या धर्मकृत्यांचा खर्च बाई दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर खासगीतून करीत. या खासगीचे मूळ सासूबाई गौतमाबाईंना १७३४ साली मिळालेल्या जहागिरीत होते. रयतेच्या पैशावर आपले पुण्य उभारावयाचे नाही, असा हा दंडक. गयेचे विष्णुपद मंदिरही त्यांचेच.

उतारवयातही दैवाने पाठ सोडली नाही. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेली. स्वतःस सती जाण्यापासून मागे फिरवले गेले होते. मुलीस मात्र बाईंना मागे फिरवता आले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

स्वातंत्र्यानंतर मूळ जागी नवे मंदिर उभे राहिले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे प्रतिष्ठापना झाली. मधल्या एकशे अडुसष्ट वर्षांत सोमनाथाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू बाईंच्या याच भुयारात उतरत असे.