विल्हेल्म मायबाख

विल्हेल्म मायबाख (९ फेब्रुवारी १८४६ – २९ डिसेंबर १९२९) हे जर्मन यंत्ररचनाकार होते. पहिल्या मर्सिडीज मोटारीचे रचनाकार म्हणून ते ओळखले जातात. मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रेडिएटरची रचना त्यांनीच केली.

बालपण

मायबाख यांचा जन्म हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी झाला. वयाच्या दहाव्या वर्षी ते पोरके झाले व रॉइटलिंगेन येथील एका धर्मादाय संस्थेने त्यांचा सांभाळ केला. संस्थेच्या कारखान्यात ते यंत्रांचे आरेखन शिकले. तेथे व्यवस्थापक म्हणून आलेल्या गोटलीब डाइमलर यांनी या मुलाची बुद्धी हेरली. डाइमलर जवळजवळ बारा वर्षांनी वडील होते. त्यांच्या मृत्यूपर्यंत ही सोबत टिकली.

कारकीर्द

दोघांनी प्रथम कार्ल्सरूऽ व नंतर डॉइट्झ येथे काम केले. १८८२ मध्ये डाइमलर डॉइट्झ सोडून कानश्टाटला गेले, तेव्हा मायबाखही त्यांच्यामागे गेले. १८८५ मध्ये त्यांचे वेगवान पेट्रोल इंजिन एका दुचाकीवर बसवण्यात आले.

इंजिनाचे शीतन

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा थोडाच भाग चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता बाहेर नेली नाही, तर वंगणतेल पातळ होते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो. प्रारंभीच्या काही गाड्यांत पाणी उकळून वाफ होऊन जाई व वाटेत पुन्हा भरावे लागे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या गाडीत मायबाख यांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरवले. युक्ती देखणी होती, परंतु ती लहान इंजिनापुरतीच पुरेशी होती.

१८९७ मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर तयार केला आणि १९०० मध्ये त्याला पोळ्याचे रूप दिले. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई व त्यांच्यामधील फटींतून पाणी वाहे. हवेला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की, १८ लिटरऐवजी ९ लिटर पाणी पुरू लागले. एमिल येलिनेक यांच्यासाठी बांधलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मोटारीत हा रेडिएटर होता. येलिनेक यांच्या मुलीच्या नावावरून तिला मर्सिडीज हे नाव मिळाले.

रेडिएटर असा समर्थ झाल्यावर उलटा प्रश्न उभा राहिला. थंडीत इंजिन पुरेसे तापेना. चालक रेडिएटरवर कातडे वा कापड बांधत. पुढे इतरांनी थर्मोस्टॅट आणला. इंजिन गार असताना ही झडप पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ती उघडते. जुन्या मोटारींचे काही हौशी मालक गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा उपाय बहुधा चुकीचा ठरतो, कारण गार इंजिनात पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही, ते वंगणतेलात मिसळते आणि झीज वाढते. तापण्याचे कारण पुष्कळदा साचलेल्या गाळाने तुंबलेला रेडिएटर हेच असते.

उत्तरायुष्य

१९०० मध्ये डाइमलर वारले. त्यानंतर कंपनीत मायबाख यांचे स्थान ढळत गेले व १९०७ मध्ये त्यांनी ती सोडली. डाइमलर यांचे नाव कंपनीलाच असल्याने ते सर्वतोमुखी झाले. मायबाख यांच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही, हे अन्यायाचे वाटते. १९०९ मध्ये त्यांनी मुलगा कार्ल व काउंट झेपेलिन यांच्यासह हवाई जहाजांची इंजिने बनवणारी कंपनी काढली. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. कानश्टाट येथील ज्या दफनभूमीत डाइमलर यांची कबर आहे, तेथेच त्यांचेही दफन झाले.