फ्रॉइड यांचं शेवटचं घर

पुण्याहून पाहुणे आले की आपण त्यांना टॉवर ब्रिज आणि मादाम तुसाँ दाखवून आणतो. माझ्या काकांच्या जबड्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना गर्दी नको होती. म्हणून फिंचली रोड स्टेशनजवळच्या २०, मेअर्सफील्ड गार्डन्स या घरी घेऊन गेलो. सिग्मंड फ्रॉइड यांचं हे शेवटचं घर. मी इंजिनिअर माणूस, मानसशास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पण त्यांच्या आजारपणाची कथा काही मनातून जाईना.

फ्रॉइड यांचा जन्म १८५६ चा. १९२३ मध्ये व्हिएन्नात त्यांना तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं. त्याच वर्षी लाडका नातू क्षयाने गेला, आणि शरद ऋतूत डॉ. पिख्लर यांनी टाळू आणि वरच्या जबड्याचा भाग काढून टाकला. तिथे एक मोठी कवळी बसवली. ती बोलताना टोचायची, जेवताना त्रास द्यायची. उजव्या कानाने ऐकू येईना. पुढच्या सोळा वर्षांत तीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. सिगार मात्र सुटला नाही! (याबाबतीत त्यांचा आदर्श कोणी ठेवू नये. काकांनीही तंबाखू उशिराच सोडली.)

या सोळा वर्षांत ते पेशंट तपासत राहिले, पुस्तकं लिहीत राहिले. शनिवारी मित्रांबरोबर पत्त्यांचा डाव असे. जुन्या मूर्ती जमवण्याचा नाद होता, दोन हजारांवर वस्तू जमल्या. लिहायच्या टेबलावर मूर्तींची रांगच. त्यात एक हस्तिदंती विष्णू आहे, १९३१ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या मानसविश्लेषण संस्थेने पाठवलेला. तो बघून काकांचा चेहरा खुलला.

आणि कुत्री! म्हातारपणी त्यांना चाऊ जातीच्या कुत्र्यांचा लळा लागला. योफी तर पेशंटच्या खोलीतच बसायची. ती १९३७ मध्ये गेली. त्याच सुमारास त्यांनी मुलगी ॲना हिच्यासोबत एका पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं. ते होतं मेरी बोनापार्ट यांच्या टॉप्सी या कुत्रीबद्दल. टॉप्सीलाही तोंडाचा कॅन्सर होता आणि ती उपचारांनी वाचली होती.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. ८२ व्या वर्षी हा ज्यू गृहस्थ बाडबिस्तरा घेऊन जूनमध्ये लंडनला आला. त्या वयात स्थलांतर म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ल्यून या कुत्रीला सहा महिने क्वारंटाइनमध्ये ठेवावं लागलं, तर हे तिला भेटायला तिथे जायचे. सप्टेंबरात पुन्हा मोठी शस्त्रक्रिया झाली. मग या घरात आले. घरामागे बाग होती, तिथे छत असलेल्या झोपाळ्यावर ते पडून राहायचे.

१९३९ च्या फेब्रुवारीत आता ऑपरेशन शक्य नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी डोकं साफ राहावं म्हणून ते बहुतेक ॲस्पिरिनवरच भागवायचे. काही पेशंट जुलैअखेरपर्यंत येत होते. पुढे पलंग तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत हलवला, तिथून बागेतली फुलं दिसायची. जखमेला इतका वास येऊ लागला की ल्यूनसुद्धा जवळ येईना, कोपऱ्यात जाऊन बसायची. शेवटचं पुस्तक वाचलं ते बाल्झाकचं.

दु:ख सोसण्यापलीकडे गेलं तेव्हा डॉक्टर माक्स शूर यांना त्यांनी जुन्या कबुलीची आठवण करून दिली. शूर यांनी मॉर्फिन दिलं. २३ सप्टेंबर १९३९ ला फ्रॉइड गेले. गोल्डर्स ग्रीनला, जिथे आपल्यातल्याही अनेकांना निरोप दिला जातो, तिथे त्यांच्या रक्षेचा कलश आहे. कलश त्यांच्याच संग्रहातला, प्राचीन ग्रीक.

काकांनी त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ बागेत काढला.